जैसलमेरला पहिल्यांदाच जाताय? आधी दिशा ठरवा, मग हॉटेल बुक करा

दिवाळी झाली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, राजस्थानला चाललोय, जैसलमेरला एक रात्र ठेवलीय, काय काय बघू? आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं की एक रात्र ठेवलीच असेल तर मग किल्ला बघा, उंटावर फोटो काढा आणि या परत, कारण त्याच्या पलीकडं काही होणार नाही. आठ दिवसांत अख्खं राजस्थान दाखवणाऱ्या पॅकेजांमध्ये जैसलमेर कायम शेवटी कोंबलेलं असतं, दुपारी पोचायचं, धावतपळत किल्ला, संध्याकाळी वाळू, सकाळी गाडीत. थरच्या वाळवंटात एवढ्या लांब जाऊन असं परत येणं मला खरंच पटत नाही, म्हणून जे जे माहितीय ते सगळं एकदाच नीट लिहून काढते.

मुख्य गोष्ट आधी सांगते. जैसलमेरच्या आसपासची ठिकाणं वेगवेगळ्या रस्त्यांवर विखुरलेली आहेत, पश्चिमेला समच्या वाळूच्या टेकड्यांचा रस्ता, उत्तरेला सीमेकडं जाणारा रामगढ-तानोटचा रस्ता, दक्षिणेकडं खुडी गाव आणि बाडमेरचे रस्ते. एका दिवशी एकच दिशा धरायची. ड्रायव्हर लोक आणि हॉटेलवाले यातली दोन-दोन टोकं एका दिवसात घालून देतात आणि मग दिवसभर गाडीच्या खिडकीतून पवनचक्क्या तेवढ्या दिसतात. तीन रात्री ठेवल्यात तर सगळं आरामात होतं.

१. कधी जायचं आणि कसं पोचायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चचा पहिला पंधरवडा चालून जातो, पण मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मुलांची सुट्टी आहे म्हणून जाऊ नका, सकाळी नऊनंतर बाहेर पाय ठेववत नाही. माघ पौर्णिमेला संपणारा मरू महोत्सव असतो, तो बघायचा असेल तर पंचांग बघून तारखा काढा आणि हॉटेल फार आधी घ्या. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात दर दुप्पट-तिप्पट होतात आणि समला गाड्यांची रांग लागते, जमलं तर तो आठवडा टाळाच.

मुंबईहून सोपा मार्ग म्हणजे बांद्रा टर्मिनसहून रोज सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस पकडून जोधपूर, आणि तिथून ट्रेनने नाहीतर टॅक्सीने जैसलमेर. रस्त्याने पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, पाच-सहा तास धरा. जैसलमेरला विमानतळ आहे पण विमानं प्रामुख्याने हिवाळ्याच्या सीझनमध्येच असतात, त्यामुळं तिकीट मिळालं नाही तर जोधपूरपर्यंत विमान आणि पुढं गाडी असं करा.

२. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण जी लागतात ती ओरिजिनल लागतात:

– प्रत्येकाचं आधार कार्ड, मोबाईलमधला फोटो नाही, खरं कार्ड. सीमेच्या भागात विचारतात.
– बाईक किंवा गाडी भाड्याने घेणार असाल तर लायसन्स, आणि गाडीचे पेपर्स, इन्शुरन्स, पीयूसी ताब्यात घेऊनच निघा.
– घरातल्या कुणाचा पासपोर्ट परदेशी असेल (अमेरिकेहून आलेला भाचा, लंडनची सून) तर सीमेकडच्या भागात जायला जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते, ती शहरात असतानाच काढायची, तानोटच्या वाटेवर जाऊन काही होत नाही.
– रोख पैसे. शहरात सगळीकडं यूपीआय चालतं, पण खुडीच्या पुढं आणि रामगढच्या पुढं नेटवर्क गेलं की यूपीआयपण गेलं.

कपड्यांच्या बाबतीत लोक हमखास फसतात. वाळवंट म्हणजे गरम असं डोक्यात असतं, आणि जानेवारीत रात्री पारा पाच-सात डिग्रीवर येतो, तंबूत तर त्याहून जास्त बोचतं. जाड स्वेटर, कानटोपी, पायमोजे, आणि दिवसा उन्हासाठी सुती ओढणी किंवा उपरणं, तेच वारा सुटला की तोंडाला गुंडाळता येतं. ओठांना लावायला व्हॅसलीन किंवा तूप. कॅमेरा आणि मोबाईलसाठी झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या घ्या, वाळू इतकी बारीक असते की चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते आणि मग रात्री फोन चार्जच होत नाही. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. ड्रोन मात्र घरीच ठेवा, सीमावर्ती जिल्हा आहे, उगाच चौकशा मागे लागतील.

३. राहायचं कुठं

किल्ल्याच्या आत राहू नका. हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांना किल्ल्यात राहायचीच हौस असते. रावळ जैसलने ११५६ मध्ये हा किल्ला त्रिकूट टेकडीवर वसवला आणि आजही आत वस्ती आहे, घरं, दुकानं, मंदिरं, सगळं चालू. पूर्वी पाणी खालून घागरीने वर यायचं, त्यामुळं ते जपून वापरलं जायचं. नंतर नळ आले, हॉटेलं आली, फ्लश आले, आणि ते सगळं पाणी जुन्या गटारांतून झिरपून खाली मातीच्या आणि मऊ दगडाच्या थरात जाऊ लागलं. पाया भिजला की वरचं बांधकाम सरकतं, बुरुज ढासळलेत, भिंती फुगल्यात. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत राजस्थानचे जे सहा डोंगरी किल्ले गेले त्यात हा आहे. आपण त्यात बादल्या भरभरून पाणी ओतायला नको एवढंच. खाली गावात, किल्ला दिसेल अशा गच्चीची कितीतरी हॉटेलं आहेत, आणि तसंही किल्ला बघायचा असतो तो बाहेरून, संध्याकाळी पिवळा दगड उजळतो तेव्हा. आत बसलात तर तो दिसणारच नाही.

दुसरं, फार स्वस्त खोली दिसली तर सावध व्हा. दोन-चारशे रुपयांत खोली देतात आणि मग चेक-इन झाल्यापासून सफारी आमच्याकडूनच घ्या म्हणून पिच्छा पुरवतात, नाही म्हटलं की खोलीच भरलेली निघते. बुक करतानाच फोनवर स्पष्ट सांगायचं, सफारी आमची आम्ही बघू, चालेल का? उत्तरात अं-अं झालं की दुसरं हॉटेल बघा. स्टेशनवर गाडी थांबायच्या आत डब्यात शिरून हॉटेलचं कार्ड हातात देणारेही याच जातीतले.

४. पहिला दिवस: गाव, पायी

या दिवशी गाडी करू नका, सगळं चालत होतं.

सकाळी लवकर गडीसर तलाव. नळ येण्याआधी अख्खं गाव याच तलावाचं पाणी प्यायचं. हिवाळ्यात सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो, त्यामुळं फार पहाटे उठायची गरज नाही.

तिथून किल्ल्यावर. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत चढायचं, उतार सोपा आहे, आई-बाबांना घेऊन आरामात जाता येतं, मात्र फरशी घासून गुळगुळीत झालीय तेव्हा चपला पकड असलेल्या घाला. आधी जैन मंदिरं बघा, कारण पर्यटकांना ती सकाळच्या ठरावीक वेळातच खुली असतात, दुपारी गेलात तर दार बंद. चामड्याचा पट्टा, पर्स आत चालत नाही. मंदिरांत खांबा-तोरणांवरचं कोरीव काम जवळ जाऊन बघा, दगडात जाळी इतकी पातळ कोरलीय की मागचा उजेड त्यातून आरपार येतो.

एक गोष्ट बहुतेक गाईड दाखवत नाहीत, तटाच्या भिंतीजवळ उभं राहून दगडांचे सांधे बघा. चुना नाही. दगडावर दगड नुसते घट्ट बसवलेत आणि जिथं गरज तिथं लोखंडी पट्ट्यांनी जोडलेत. अशा ९९ बुरुजांचा तट.

दुपारी हवेल्या. पटवों की हवेली म्हणजे एक नाही, पाच हवेल्या आहेत, गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या. तिथं एक खासगी संग्रहालय आहे आणि एक सरकारी, दोन्हींची तिकिटं वेगळी, तेव्हा गाईडने एकाचं तिकीट काढून सगळं झालं म्हटलं तर विश्वास ठेवू नका. वेळ कमी असेल तर एकच बघा, पण गल्लीत उभं राहून वर बघणं हे फुकट आहे आणि खरं काम बाहेरच्या झरोक्यांवरच आहे. नथमल हवेलीचा दर्शनी भाग हाथी आणि लालू या दोन भावांनी एकेक बाजू घेऊन घडवला असं सांगतात, दोन्ही बाजू वरवर सारख्या वाटतात पण बारकावे जुळत नाहीत, मुलांना फरक शोधायला लावा, अर्धा तास शांततेत जातो.

संध्याकाळी व्यास छत्रीवर, म्हणजे जुन्या स्मारकांपाशी, जा, तिथून सूर्यास्ताला किल्ला समोर दिसतो.

दोन सापळे इथलेच. किल्ल्याजवळ भांगेचं अधिकृत दुकान आहे, लस्सी, बिस्किटं सगळ्यात भांग मिळते, मुलांना तिथली बिस्किटं सहज म्हणून घेऊन देऊ नका. आणि बाजारात हाबूर गावचा दगड मिळतो, दुधात ठेवला की विरजणाशिवाय दही लागतं म्हणून वाट्या-पेले विकतात. दगड जीवाश्मांचा आहे, दिसतो सुरेख, शोभेसाठी घ्यायचा तर जरूर घ्या, दह्याच्या भरवशावर जास्तीचे पैसे मोजू नका.

५. दुसरा दिवस: पश्चिम, म्हणजे लोद्रवा, कुलधरा, खाभा आणि सम

गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि ठिकाणांची नावं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी ठरवलं की खाभा हमखास गळतं. दहाच्या सुमाराला निघायचं.

वाटेत अमरसागर, मग लोद्रवा, जैसलमेरच्या आधीची भाटी राजपुतांची राजधानी. आता तिथं पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे, गर्दी कमी, बसायला छान.

मग कुलधरा. इथं माझं थोडं ऐका. कुलधरा म्हटलं की सगळ्यांना भुताचं गाव एवढंच सांगतात, दिवाण सालिम सिंगच्या जाचाला कंटाळून पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत गाव सोडून गेले आणि शाप देऊन गेले वगैरे. दंतकथा आहे, ऐकायला हरकत नाही, अभ्यासकांनी पाणी आटणं, भूकंप अशीही कारणं मांडलीत. पण या लोकांचं खरं नवल वेगळंच आहे. जिथं वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही, म्हणजे मुंबईत जोराच्या एका दिवसात पडतो तेवढा पाऊस यांना बारा महिने पुरवायचा असतो, तिथं हे लोक गहू पिकवत होते.

त्याला खडीन म्हणतात. आजूबाजूला खडकाळ, उतार असलेली जमीन असते, तिच्यावर पडलेलं पाणी वाहत सखल भागात येतं. तिथं उताराला आडवा मातीचा लांब बांध घालायचा आणि जादा पाणी जायला सांडवा ठेवायचा. पावसाळ्यात शेताचंच तळं होतं, पाणी हळूहळू मुरतं, गाळ खाली बसतो, आणि ओल टिकलेली असताना त्यातच गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही, विहीर नाही, मोट नाही. ही पद्धत अजून चालू आहे. डिसेंबर-जानेवारीत कुलधऱ्याहून खाभ्याकडं जाताना सखल भागाकडं लक्ष ठेवा, पिवळ्या-करड्या माळात मधेच हिरवा पट्टा आणि त्याच्या कडेला लांब बुटका बांध दिसला की गाडी थांबवायला सांगा. आपल्याकडं दुष्काळी तालुक्यांत शेततळ्यांवर काम करणारं कुणी बरोबर असेल तर त्यांना तिथून हलवणं अवघड जाईल.

कुलधऱ्यात भिंतींवर चढू नका, दगड सुटे आहेत. खाभा किल्ला छोटा आहे, वरून खालच्या ओसाड गावाचा आराखडा नीट दिसतो, गल्ल्या किती सरळ आखल्यात ते कळतं.

चारच्या आत समला पोचा, शहरापासून ते चाळीसेक किलोमीटर आहे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्याआधी तासभर सगळ्यांना एकदमच उंट हवा असतो.

६. सफारीचे पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि फोनवर एकेक विचारा.

– दर माणशी की गाडीचा? उंट प्रत्येकाला वेगळा की दोघांत एक, आणि किती वेळ? वीस मिनिटांच्या फेरीलाही सफारीच म्हणतात.
– कॅम्प रस्त्याला लागून आहे की वाळूत? समला बहुतेक कॅम्प रस्त्याकडेला आहेत, धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, तिथून पुढं. जाहिरातीतला फोटो वाळूतला असतो.
– गरम पाणी सकाळी किती ते किती? पांघरुणं किती?
– गाणं-बजावणं लोककलाकारांचं की डीजे? किती वाजेपर्यंत?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मांगणियार कलाकारांचं गाणं समोर बसून ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, कमायचा, मोरचंग, आणि ते खडताल, लाकडाच्या नुसत्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन, आणि बोटं दिसेनाशी होतील इतक्या वेगात वाजवतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ही विद्या आहे. कॅम्पवर अर्धा तास त्यांना बसवतात आणि मग सिनेमातली गाणी मोठ्या स्पीकरवर सुरू होतात, शेजारच्या दहा कॅम्पवरही तेच. तुम्हाला शांतता हवी असेल, तारे बघायचे असतील, तर समला फक्त सूर्यास्त बघून परत फिरा आणि मुक्कामासाठी खुडी निवडा. तेही शहरापासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, पण दक्षिणेच्या बाजूला, गर्दी कमी, एखाद्या ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, घरच्यासारखी सोय होते, बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, तूप. मग तिसऱ्या रात्री खुडी ठेवा, समच्याच दिवशी तिकडं धावू नका. कलाकार आवडले तर बक्षिशी थेट त्यांच्या हातात द्या, मॅनेजरकडं नको.

उंटावर बसताना एक लक्षात ठेवा: उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळं आपण पुढं फेकले जातो, तेव्हा मागे रेलायचं आणि खोगिराचा दांडा घट्ट धरायचा. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे तेव्हाही मागेच रेलायचं. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांसाठी उंटगाडी असते, ती घ्या. जीपने टेकड्यांवरून उड्या मारण्याचा जो प्रकार आहे तो लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि पाठीचा त्रास असलेल्यांना अजिबात नको, गाडीत मागे उभं राहून तर मुळीच नको.

पक्षी बघणारे असाल तर समच्या अलीकडं-पलीकडं पसरलेल्या डेझर्ट नॅशनल पार्कसाठी एक सकाळ वेगळी काढा. ३,१६२ चौरस किलोमीटरचा पसारा आहे आणि सुदासरीच्या भागात गोडावण दिसण्याची शक्यता असते, गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे पण पक्षी मात्र आता तिथं दिसणं फार दुर्मिळ झालंय, देशात जे काही उरलेत त्यातले बहुतेक इथंच. वनखात्याची परवानगी आदल्या दिवशी शहरातून घ्या, भडक रंगाचे कपडे घालू नका आणि पक्षी दिसला तर ड्रायव्हरला गाडी आणखी जवळ घे म्हणू नका.

७. तिसरा दिवस: उत्तर, म्हणजे बडा बाग, तानोट, लोंगेवाला

पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात, सकाळी आठला निघा. टाकी भरूनच, आणि परत रामगढला बघून घ्या, पुढं भरवसा नाही. रस्ता मोकळा, गुळगुळीत, म्हणूनच वेगाचा मोह होतो, पण मधेच उंट, गाई आडव्या येतात आणि काही ठिकाणी वाऱ्याने वाळू रस्त्यावर आलेली असते, तिच्यावर बाईक घसरते.

बडा बाग याच रस्त्यावर, शहर सोडल्यावर लगेच. राजघराण्यातल्यांच्या छत्र्या, अर्धा तास पुरतो.

तानोट मातेचं मंदिर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आसपास पडलेले तोफगोळे फुटले नाहीत असं तिथं सांगतात आणि त्यातले काही मंदिरात काचेआड ठेवलेत. व्यवस्था बीएसएफकडं आहे, आरतीही जवानच करतात. नवसाचे रुमाल बांधायची पद्धत आहे, रेलिंगवर शेकडो रुमाल दिसतील. अगदी सीमेच्या चौकीपर्यंत जायचं असेल तर बीएसएफची परवानगी लागते, त्यासाठीच ते ओरिजिनल आधार. नाही मिळाली तर वाद घालू नका, जवान ड्यूटी करतायत.

तिथून लोंगेवाला चाळीसेक किलोमीटर. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबच्या एका कंपनीने, म्हणजे जेमतेम सव्वाशे माणसांनी, चाळीसहून जास्त रणगाडे घेऊन आलेल्या पाकिस्तानी फौजेला सकाळपर्यंत थोपवून धरलं. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, उजाडल्यावर ती जैसलमेरहून उडाली आणि उघड्या वाळूत अडकलेले रणगाडे टिपत गेली. हे वाचून जा, मग तिथं उभं राहिल्यावर लपायला एक झुडूपसुद्धा नाही हे बघितलं की त्या रात्रीचा अंदाज येतो.

जेवण रामगढ किंवा तानोटला उरकून घ्या, स्वच्छतागृहही तिथंच, मधल्या टप्प्यात काही नाही. घरी कळवून ठेवा की दुपारभर फोन लागणार नाही.

८. वेळ उरला तर, आणि कशासाठी वाट वाकडी करू नये

बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आकल वुड फॉसिल पार्क आहे, अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके. मुलांना आवडतं, परतीच्या दिवशी सकाळी होऊन जातं. सावली नाही, टोपी घाला.

पोखरणला अणुचाचणीची जागा बघायला म्हणून जाऊ नका, ती बघता येत नाही, गावात किल्ला आहे आणि चमचम चांगली मिळते, जोधपूरच्या वाटेवर थांबा. जवळच रामदेवरा हे तीर्थस्थान, पण भाद्रपदातल्या जत्रेत तो रस्ता पायी यात्रेकरूंनी भरलेला असतो.

परतताना फलोदीवरून जाणार असाल तर खीचन मात्र चुकवू नका. सप्टेंबर ते मार्च हजारो कुरजां, म्हणजे करकोचे, तिथं उतरतात आणि गावकरी वर्षानुवर्षं त्यांना रोज दाणे टाकतात. दाणे सकाळी असतात, नंतर पक्षी पांगतात, तेव्हा फलोदीत रात्री मुक्काम करून सूर्योदयालाच तिथं हजर राहा. आजूबाजूच्या घरांच्या गच्चीवरून छान दिसतं, वर जायच्या आधी विचारा, आणि दाण्यांसाठी पेटी ठेवलेली असेल तर त्यात काहीतरी टाका.